उंबरठ्याबाहेरचं नाही

शालूच्या बापाला 'नाही' म्हणता येत नसे. माणूस मुका नव्हता, तोतराही नव्हता. बैलांना हाक मारली की आमच्या हिवरखेडच्या वेशीपर्यंत ऐकू जाई. पण समोर कोणी काही मागायला उभा राहिला की यांच्या तोंडून एकच शब्द निघे, 'न्या.'

त्याचं मूळ माझ्या सासूबाईंत होतं. घरात उभं राहून 'नाही' म्हणू नये, वास्तू तथास्तु म्हणते, ही त्यांची शिकवण. डाळ संपली तर 'डाळ वाढली' म्हणायचं, तेल संपलं तर 'तेल वाढलं'. ही रीत घरोघरी होती, मीही तसंच बोलते. पण बाकीच्यांना कळत होतं की ती डाळीतेलापुरती आहे. आमच्या यांनी ती जन्माला बांधून घेतली. आमचं सूप, चाळणी, चऱ्हाट, कुऱ्हाड, सगळं गावभर फिरून यायचं. पाटा-वरवंटा तेवढा घरी राहायचा, कारण तो कोणाला उचलवत नसे.

आता वऱ्हाडात सरकी काढणाऱ्या जिनांचे भोंगे वाजतात आणि कापूस आगगाडीने जातो. तेव्हा हातरेच्यावर, हाताने फिरवायच्या चरकावर, सरकी निघायची आणि कापूस बंडीने जायचा. सातासमुद्रापार कुठे लढाई लागली होती म्हणे, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, म्हणून आमच्या पऱ्हाटीला सोन्याचं मोल आलं होतं. कोणी बंडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली, असंही ऐकलं. मी काही पाहिली नाही. पाहिली ती ही धांदल, की ज्याच्याकडे बैलजोडी आणि बंडी आहे त्याच्या दारी लोकांची रीघ. आणि आमच्याकडे दोन्ही होतं, वर 'न्या' म्हणणारा धनी.

अशात अकोल्याहून आमच्या लेकीचा, शालूचा निरोप आला. तिचं पहिलंच बाळंतपण. सासरी सासू नव्हती, वारली होती. घरात सासरा, दीर, नवरा, सगळे पुरुष. आठवा महिना लागला की बाई वेस ओलांडत नाही, म्हणून त्याआधी घेऊन जा, असा निरोप होता. म्हणजे बंडी त्या आठवड्यात दारात हवी होती. भाड्याची बंडी त्या दिवसांत देवाला मागूनही मिळत नव्हती.

मी यांना बजावलं, "बंडी कोनाले द्याची नाई."

"बरं," हे म्हणाले.

या 'बरं'वर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी म्हणाले, "मागाले आला तं काय सांगसान?"

यांनी छपराकडे बोट केलं. "घरात नाई म्हनू नये ना वं. माय सांगून गेली."

"मंग बाहेर जाऊन म्हना! वास्तू काय अंगनात कान लावून बसते?"

"बाहेर म्हंजे?"

"उंबरठ्याबाहेर. लिंबाखाली उभं राहाचं आन् म्हनाचं, नाई."

"बाहेर चालते?"

"चालते."

"कोनं सांगतलं?"

"मी सांगतलं!"

एवढ्या मोठ्या बाप्याला असं शिकवायची पाळी आली. बंडीचं 'नाही' एकदम जमणार नाही हे मला दिसत होतं, म्हणून म्हटलं, आधी हलक्या गोष्टींवर हात बसू द्या. शेजारचे नत्थुजी रोज सकाळी तंबाखू मागायला यायचे. त्यांची हाक ऐकली आणि मी यांना दाराबाहेर ढकललं.

"का गा खुशालराव, चिमूटभर तंबाखू हाये का?"

"नाई," हे म्हणाले, आणि लगेच, "म्हंजे हाये. थोडी हाये. न्या तुमी."

मी आत कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी नत्थुजी चऱ्हाट मागायला आले. यांनी लिंबाखाली उभं राहून स्वच्छ 'नाई' म्हटलं. मला वाटलं, जमलं. नत्थुजी गेले. हे आत आले, पाणी प्यायले, पुन्हा बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून पाहिलं, तर खुंटीवरचं चऱ्हाट गायब. नत्थुजींच्या मागे धावत जाऊन त्यांच्या हातात देऊन आले होते.

"काहून दिलं?"

"त्याचं तोंड उतरलं वं."

"आन् माहं तोंड? ते काय देव्हाऱ्यात ठेवलं का?"

त्या दिवशी मी रागाने भाकरी थापली ती एका बाजूने कच्चीच राहिली. यांनी ती मुकाट्याने खाल्ली. कच्ची आहे, नको, एवढं म्हणायचंही धैर्य नव्हतं. मीच ताटातून उचलून घेतली आणि म्हटलं, "म्हना, ही भाकर मले नोको. म्हना!" शेवटी म्हणाले. माझ्या तोंडावर म्हणाले आणि घाबरून माझ्याकडे पाहत राहिले. मी दुसरी भाकरी वाढली. काही आभाळ कोसळलं नाही.

तिथून थोडं पुढे सरकलं. नत्थुजींना चाळणी मिळाली नाही. यांनी लिंबाखाली 'नाही' म्हटलं आणि मग बाज घट्ट धरून बसून राहिले, पाय मागे धावू नयेत म्हणून. दुसऱ्या सकाळी हे शेतातून आले ते तोंडभर हसत.

"अवं, नत्थू बोलला मले! पयले रामराम त्यानंच केला!"

"मंग? चाळनीपायी काय जलमाचं वैर धरते का कोनी?"

यांना ते खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं वाटत होतं, एकदा 'नाही' म्हटलं की माणूस तुटतो.

निघायच्या सकाळी मी शिदोरी बांधत होते. बंडीत कडबा पसरून त्यावर वाकळ घातली होती. बैल तेवढे जुंपायचे राहिले होते. तेवढ्यात भगवंतराव पाटील आले आणि सरळ उंबरठा ओलांडून आत येऊन बसले. त्यांना पान दिलं.

"खुशालराव, बंडी काढा. कापूस अमरावतीले न्याचा हाये. बाजारात बंड्यायची रांग लागली हाये, वापस याले किती दिस लागतीन सांगता येत नाई. वैरन घेऊन ठेवा."

हे उभे राहिले. "पाटील, जरा बाहेर येता का जी? लिंबाखाली बसू. सावली चांगली हाये."

"सकाळी सकाळी सावली कायले पायजे?"

"मंग बैल दाखोतो. या ना बाहेर."

"बैल पायले मी."

मी आतल्या दारामागे उभी होते. हसावं की रडावं कळेना. पाटील उंबरठ्याच्या आत ठाण मांडून बसलेले, आणि माझ्या शिकवणीप्रमाणे 'नाही' होतं बाहेर! जाऊन आपणच बोलावं म्हणून मी पदर सारखा केला. पण यांचं लक्ष उघड्या दारातून वाकळीवर गेलं होतं.

"नाई," हे म्हणाले. तंबाखूच्या वेळेसारखंच, बारीक आवाजात.

"काय?"

"बंडी भेटत नाई. लेक आनाची हाये. मंग आठवा लागते."

"लेक काय पळून चालली? अमरावतीहून आल्यावर आना."

"नाई जी!" यावेळी बैलांना हाकारतात तो आवाज निघाला. बाहेर बैलाने मान वर केली.

पाटलांनी पान तसंच ताटलीत ठेवलं. "मंग आपले बैल माह्या विहिरीवर पानी पाजाले आनू नका," म्हणाले आणि गेले.

हे माझ्याकडे वळले. "घरात म्हनलो वं मी."

"म्हनले ना. आता बैल जुपा."

अकोटपर्यंत यांनी माझं डोकं खाल्लं. पाटील रागावले, विहीर गेली, आता बैलांना नदीवर न्यावं लागेल, नदी किती लांब. मी म्हटलं, नदी लांब आहे, लेक एकच आहे, गप्प बसा. अकोल्याला पोचलो तर शालूचा सासरा म्हणतो, बंडी आलीच आहे तर आधी सरकीची एक खेप मारू, परवा निघा. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर माझ्याआधी हेच बोलले, "नाई जी, व्याही. शालू, गाठोडं आन." इतक्या सहज, की व्याह्यांनीही फारसं मनाला लावून घेतलं नाही. ते तिकडे दुसऱ्या बंडीच्या शोधात गेले.

परतताना पूर्णेच्या पात्रात हे खाली उतरून बैलांपुढे चालत होते आणि पाटलांना काय सांगायचं ते मोठ्याने घोकत होते, एकदा हात जोडून, एकदा न जोडता. शालू वाकळीवर झोपली होती. चाक वाळूत रुतून बंडी कलंडायला लागली तेव्हा मी ओरडले, "पाटलाचं मंग पाहजा! पयले समोरचा खड्डा पाहा!"