पाचवी नळी

केजच्या मेन रोडवर मिटकऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे, विहिरीचे दोर, काय मागाल ते मिळणार. गल्ल्यावर ईश्वरप्पा मिटकरी, वय सत्तरीच्या घरात, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि गिऱ्हाइकाला न दुखावता उधारी नाकारायची कला अंगी बाणलेली. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचा एकुलता एक मुलगा केदारनाथ, वय वर्षं अडतीस. तो तिथं काय करायचा? गाडी करायचा. वीतभर लांबीची. शर्यतीची.

हसू नका. अख्खं केज आधीच हसून बसलंय.

झालं होतं असं, की पंच्याण्णव साली गावात केबल आली. लोक मालिकांना चिकटले आणि केदारनाथला एका रविवारी चुकून परदेशातली गाड्यांची शर्यत दिसली. पोट जमिनीला टेकवून पळणारी लाल गाडी, चारी चाकं उघडी, मागं आडवा पंख. शिवकांता, म्हणजे त्याची बायको, तीनदा जेवायला बोलावून गेली. हा गडी जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तेलाचा रिकामा डबा कापायला घेतला.

पुण्याच्या रद्दीवाल्याकडून एक परदेशी मासिक मिळालं. त्यात ती गाडी आतून-बाहेरून, मापांसकट छापलेली. केदारनाथनं ठरवलं, आपली गाडी बरोबर विसाव्या हिश्शाची करायची, तसूभर इकडंतिकडं नाही. डब्याच्या पत्र्याचं अंग. त्यावर रंगारी भिंतीच्या भेगांत भरतात ती लांबी भरली, पॉलिश पेपरनं घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली, असं आठ वेळा. टायर पंपाच्या वायसरचे. वाऱ्याची काच धुऊन काढलेल्या एक्सरेची. चालकाचा पट्टा शिवकांताच्या जुन्या रिबिनीचा. रंग म्हणाल तर नेलपॉलिश, डास मारायच्या पंपानं फवारलेलं. एकाच रंगाच्या अकरा बाटल्या आणायला गेलेल्या शिवकांताला बांगडीवाला म्हणाला, "वैनी, बोटं किती हायत तुमाला?" ती बिचारी लाजेनं मेली.

आणि हे सगळं वरचं झालं. खरा जीव त्यानं ओतला होता आत. मागचं झाकण बारीक टाचण्या काढून उचललं, की खाली इंजिन. एकेका अंगाला धुराच्या पाच-पाच नळ्या, तांब्याच्या तारेच्या, टोकाला सुईनं भोक पाडलेल्या. त्या मेणबत्तीवर तापवून निळसर केलेल्या, कारण खऱ्या गाडीच्या नळ्या जळून तशाच निळ्या पडतात.

"झाकण लावल्यावर हे दिसतं का?" शिवकांतानं विचारलं होतं.

"न्हाई."

"मग कावून एवढा जीव काढताय?"

"बघणारा झाकण उघडून बघंल की!"

पण असा बघणारा केजमध्ये आणायचा कुठून? गाडी बघायला लोक यायचे, नाही असं नाही. तलाठी येऊन गेले, पोस्टमास्तर येऊन गेले, घाटनांदूरचे पाहुणे येऊन गेले. प्रत्येकजण गाडी हातात घ्यायचा, उलटी करायचा आणि एकच विचारायचा, "चालती का? सेलवर का किल्लीवर?" चालत नाही म्हटलं, की तोंड पाडून खाली ठेवायचा. केदारनाथच्या काळजात दर वेळी कळ उठायची. दीड वर्ष डोळे फोडले होते त्यानं. त्याला शाबासकीसुद्धा नको होती. एका जाणत्या माणसानं झाकण उघडून, भिंग लावून बघावं आणि चूक असली तर चूक सांगावी, एवढंच मागणं होतं. चूक सांगायलासुद्धा बघावं लागतं ना!

घरातून आशा नव्हतीच. ईश्वरप्पा मागच्या खोलीत पाय ठेवत नसत. कुणी विषय काढला की म्हणायचे, "आमच्या पोराला दुसरं बालपण आलंय, पयलं संपायच्या आदी." एवढं बोलून परत खिळे जोखायला लागायचे. एक गोष्ट मात्र केदारनाथला बेजार करायची. दुपारी जेवून आला, की त्याचं भिंग ठेवल्या जागी नसायचं. कधी खुर्चीवर, कधी खिडकीत. त्यानं दोन वेळा शिवकांताला झापलं. ती म्हणाली, "मी तुमच्या त्या खोलीत झाडू मारायला बी येत न्हाई, भिंगाला कशाला येऊ?" मग त्यानं मांजरावर आळ घेतला.

अखेर त्यानं जिथं अर्ज धाडला होता त्या पुण्याच्या छंद मंडळाचं पत्र आलं. डिसेंबरात प्रदर्शन, परीक्षक भिंग लावून गाड्या बघणार, आपला प्रवेश क्रमांक एकेचाळीस. ते पत्र केदारनाथनं देवघरात शंकराच्या तसबिरीमागं ठेवलं. मांजरसुंब्याहून पुण्याची गाडी किती वाजता मिळते, तेही विचारून ठेवलं.

आणि निघायला दहा दिवस उरले असताना घात झाला. इंजिनाच्या उजव्या अंगाची पाचवी नळी जोडावरून निखळली, टिण्कन फरशीवर पडली आणि नाहीशी झाली. केदारनाथ दोन दिवस रांगत होता. चुंबक फिरवून झालं, मग आठवलं, तांब्याला चुंबक काय करणार! स्वतःच्याच कपाळात मारून घेतलं त्यानं. दुसरी करू म्हणाला. चार तासांचं तर काम.

ते चार तास मिळायच्या आत सुंदरराव आले.

सुंदरराव पंचायत समितीचे माजी सभापती. आता आमदारकी खुणावत होती. मागं त्यांचा कार्यकर्ता धोंडीराम, सुंदरराव बोलायच्या आतच मान डोलावणारा. सुंदररावांनी गाडी बघितली आणि त्यांचे डोळे लकाकले.

"केदारशेठ, ऐका. आता सगळं खुलं झालंय. परदेशातल्या कंपन्या हात जोडून हुब्या हायत. मांजरसुंब्याच्या रस्त्याला आपल्या गायरानात मोटारीचा कारखाना आणतोय मी. रविवारी भूमिपूजन. लोकायला दाखवाया काय तरी पायजे का न्हाई? तुमची गाडी एक दिवस द्या."

"न्हाई जमायचं. मला पुण्याला न्यायचीय."

"अवो, कंपनीचे इंजिनेर साहेब येणार हायत! त्यांच्याच हातात देतो की."

केदारनाथ एक पाऊल पुढं आला. "साहेब... झाकण उघडून बघतील का?"

"बघतील? त्यांचा धंदाच हाय तो!"

धोंडीरामनं मान डोलावली. तेवढ्यात गल्ल्यावरून ईश्वरप्पांचा आवाज आला, "देऊ नको, केदार."

"कावून?"

म्हातारा अडखळला. "अजून... अजून रंग वला आसंल."

रंग वाळून महिना झाला होता. केदारनाथला संताप आला. दीड वर्षात अप्पा गाडीबद्दल पहिल्यांदा धड काही बोलले, तेही अडवायला आणि तेही चुकीचं! त्याच तिरीमिरीत त्यानं गाडी कापसात गुंडाळून धोंडीरामच्या हातात दिली.

रविवारी गायरानात मांडव पडला. बँड होता, जिलेबी होती, केजहून जीपगाड्या भरून आणलेली माणसं होती. स्टेजवर मधोमध चौरंगावर केदारनाथची गाडी, तिला झेंडूचा एवढा मोठा हार की गाडी दिसायची बंद झालेली. शेजारी टायवाला साहेब. सुंदररावांनी हार बाजूला सारून गाडी साहेबांच्या हातात दिली. केदारनाथ पहिल्या रांगेत उभा राहिला. छाती अशी धडधडत होती, की बँड ऐकू येईना. साहेबांनी गाडी डोळ्यांजवळ नेली. अंगठा झाकणाच्या टाचणीपाशी गेला. केदारनाथ चवड्यांवर उभा राहिला. साहेबांनी गाडी उलटी केली आणि विचारलं, "सेल कुठं टाकतात?"

केदारनाथ मटकन खाली बसला. मागून धोंडीरामकडून कळलं, कंपनीचं कुणी आलंच नव्हतं. हे गृहस्थ औरंगाबादहून फवारणीचे पंप विकायला आले होते आणि गळ्यात टाय होता म्हणून त्यांना स्टेजवर बसवलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! पायाच्या खड्ड्यात गुरुजींनी सुपारी ठेवली, पंचरत्न ठेवलं, चांदीचा नाग ठेवला. "अजून काही ठेवायचंय का?" असं रीतीप्रमाणे विचारलं. सुंदररावांच्या हातात माइक होता आणि समोर दोन हजार माणसं. त्यांना स्फुरण चढलं.

"मंडळी, आपण शेतकरी माणसं! आपल्याला पेरणी कळती. आदी बी मातीत घालायचं, मग पिकाची वाट बघायची. मी आज ह्या गायरानात मोटार पेरतो!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! गुरुजींनासुद्धा कल्पना आवडली. त्यांनी गाडीला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवायलाही विसरले नाहीत. केदारनाथ "ओ! ओ सुंदरराव!" करत गर्दीतून घुसत होता. नेमका तेव्हा बँड सुरू झाला. तो खड्ड्यापाशी पोचला तेव्हा सिमेंटचं तिसरं घमेलं पडत होतं. वरच्या कोनशिलेवर सुंदररावांचं नाव हातभर आणि कारखान्याचं वीतभर होतं.

दुसऱ्या दिवशी केदारनाथ सुंदररावांच्या घरी गेला. रडकुंडीला आला होता तो, पण ओरडला मात्र. "माझी गाडी काढून द्या! मी स्वतः खणतो, तुमी फक्त हो म्हणा."

"खुळे का काय? पायातलं कुणी उपसतं का? अपशकुन हाय. एका खेळण्यापायी तालुक्याचा कारखाना बुडवताव?" मग त्यांनाही जरा वाईट वाटलं असावं. त्यांनी धोंडीरामला आत पाठवलं. धोंडीराम एक लाल प्लास्टिकची मोटार घेऊन आला, बाजारातली, नवीकोरी.

"हे घ्या. फिट्टंफाट. तुमची तर नुसती बसून ऱ्हायची." सुंदररावांनी बटण दाबलं. मोटारीचे दिवे लागले, भोंगा वाजला आणि ती गर्रकन फिरून केदारनाथच्या पायावर आदळली. "ही चालती बी!"

तो कारखाना अजून उगवायचाय, हे काय वेगळं सांगायला पाहिजे? पण तेव्हा केदारनाथला कारखान्याचं काही पडलेलं नव्हतं. पुण्याचं प्रदर्शन आलं आणि गेलं. त्या दिवशी भर दुपारी तो मागच्या खोलीत बसून होता. जेवायलासुद्धा गेला नाही. रिकाम्या टेबलावर भिंग, चिमटा आणि मेणबत्ती. आपण इतकं केलं आणि ते एकाही माणसानं पाहिलं नाही, आता ते मातीतच राहणार, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

दार करकरलं. ईश्वरप्पा आत येत होते. मुलगा समोर बसलेला बघून दचकले, परत वळायला लागले, मग थांबले.

"जेवाया गेला न्हाईस?"

"भूक न्हाई."

म्हातारा टेबलापाशी आला. मग त्यानं बंडीच्या खिशातून कागदाची एक पुडी काढून टेबलावर ठेवली. केदारनाथनं उघडली. आत तांब्याची नळी होती. तांदळाच्या दाण्याएवढी, टोकाला भोक, निळसर.

"उजव्या अंगाची हाय," ईश्वरप्पा म्हणाले, "मागून पयली. फरशीच्या सांदीत घावली."

केदारनाथ नळीकडं बघेना, बापाकडं बघायला लागला.

"तुमाला कसं कळलं?"

"कळंल न्हाई तर काय? डाव्या अंगाला पाच, उजव्या अंगाला चारच ऱ्हायल्या व्हत्या. म्हनून तर म्हनलं, देऊ नको."

"मग तवाच का दिली न्हाई?"

"दिली आसती तर तुला कळलं आसतं, मी भिंग घेऊन बसतो म्हनून. तू जेवाया गेला की रोज घटकाभर." ईश्वरप्पांनी नजर चुकवली. "आन् खरं सांगू का? ती नळी बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वाकलीय. पुण्यात पकडली आसती."

केदारनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं भिंग उचललं, नळीवर धरलं. भिंगात सगळं पुसट दिसत होतं, त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं. केसाएवढी, पण वाकलेली होती खरी.

"व्हय, अप्पा," तो म्हणाला. "चुकलीय."

"मग! चार बरोबर आन् एक चुकलेली, आसं चालतं व्हय?" बोलता बोलता ईश्वरप्पांनी कोपऱ्यातला तेलाचा रिकामा डबा पायानं टेबलाकडं सरकवला. "ह्याचा पत्रा पातळ हाय. आदल्या डब्याचा जाड व्हता, म्हनून तुला नाकाशी गोलाई जमली न्हाई."

बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. ईश्वरप्पा लगबगीनं गल्ल्यावर गेले. सारणी गावचा तानाजी होता, बिजागऱ्या घ्यायला आलेला. आतून पत्रा कापल्याचा आवाज यायला लागला, तसं त्यानं विचारलं, "आप्पा, केदारशेठ काय करायलेत मागं?"

"गाडी करायलाय."

"आँ? परत? आन् ह्या बारीची तरी चालती का?"

ईश्वरप्पांनी बिजागऱ्या त्याच्यापुढं आपटल्या. "चालायला यष्टी हाय की बे स्टँडवर! ही बघायची असती."