तोलूनमापून लिहिलेली पत्रं

मी एक जुना टाइपरायटर आहे. अर्थशास्त्राच्या एका निवृत्त सरांच्या घरी राहतो. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारख्याला फक्त चित्रात पाहिलं असेल. बोट दाबलं की खटकन अक्षर उमटायचं, ओळ संपत आली की टिंग करून घंटी वाजायची, आणि मग दांडी धरून सगळं धूड पुन्हा उजवीकडे ढकलायचं. माझं एक अक्षर जन्मापासून ओळीच्या वर उडी मारतं. दुरुस्तीवाल्यानं तीनदा ठोकून पाहिलं, पण जित्याची खोड ती! तो शेवटी हात जोडून निघून गेला.

कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी माझी सगळी बटणं एकदा दाबून पाहिली आणि ‘हा चालेल’ म्हणून पुढं सरकवलं. दुकानात सर आले तेव्हा त्यांनी चार यंत्रं पाहिली. माझ्यावर एक ओळ टाइप केली, कागद उजेडात धरला आणि म्हणाले, “बरा आहे.” मी हिरमुसलो. बरा? एवढंच? घरी आल्यावर मात्र त्यांच्या बायकोनं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या काकूंनी, माझ्यावरून पदर फिरवून धूळ पुसली आणि त्या हसत म्हणाल्या, “मनावर घेऊ नकोस रे बाबा. लग्नाआधी मला पाहायला आले होते, तेव्हा माझ्याबद्दलही ‘बरी आहे’ असंच म्हणाले होते.”

सरांचा स्वभावच तसा होता. ते स्वतः शाळेत पहिले आले, तेव्हा त्यांचे वडील म्हणाले होते, “ठीक. पाय धुऊन घे.” त्या घरात कौतुक करणं म्हणजे पोराला दृष्ट लावणं. सर मोठे झाले, शिकवू लागले, पण ती सवय काही सुटली नाही. वर्गात एखाद्यानं झकास उत्तर लिहिलं, तर सर वहीवर बारीक बरोबरची खूण करायचे आणि तिच्याखाली काय राहिलं ते लिहायचे. बरोबरची खूण मिळाली की मुलं बाहेर जाऊन मित्रांना चहा पाजायची.

माझ्यावर प्रश्नपत्रिका टाइप व्हायच्या, सूचना टाइप व्हायच्या. पण सर्वात मानाचं काम होतं ते परदेशी विद्यापीठांना जाणाऱ्या शिफारसपत्रांचं. अर्थशास्त्र शिकायला बाहेर जाऊ पाहणारा विद्यार्थी अर्ज भरायचा, गुणपत्रिका जोडायचा, आणि त्याला शिक्षकांची किंवा त्याचं काम पाहिलेल्या जाणत्यांची दोन पत्रं लागायची. ते पत्र विद्यार्थ्यानं वाचायचं नाही, असा नियम होता. सर पत्र टाइप करायचे, पाकीट चिकटवायचे आणि चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करायचे. म्हणजे आत काय लिहिलंय ते फक्त दोघांना ठाऊक, सरांना आणि मला. केवढा तोरा होता मला त्याचा!

सर एकेक शब्द तोलूनमापून लिहायचे. कॉलेजात शेजारच्या खोलीत वाणिज्य शिकवणारे एक प्राध्यापक होते. ते आलेल्या प्रत्येकाला ‘पन्नास वर्षांतून एखादाच असा विद्यार्थी होतो’ असं लिहून द्यायचे. सरांनी त्यांचं नाव उदारराव ठेवलं होतं.

“दर वर्षी चार-चार जण पन्नास वर्षांतून एकदाचे!” सर काकूंना सांगायचे. “ही कौतुकाची चलनवाढ आहे, दुसरं काय. शब्द असे उधळले की त्यांची किंमत शून्य होते. माझ्या पत्रात एक शब्द खोटा सापडणार नाही.”

खरंच सापडला नसता. मीच तर उमटवले होते सगळे.

मग ती मुलगी आली. आई सरकारी दवाखान्यात परिचारिका, वडील शिंपी. ती पहिल्या बाकावर बसायची आणि तासाला दहा शंका विचारायची, म्हणून सरांनी तिला शंकाबाई म्हणायला सुरुवात केली, आणि मग सगळं कॉलेजच म्हणू लागलं. तिलाही ते आवडायचं. एक दिवस ती घरी आली आणि म्हणाली, “सर, पुस्तकात कामाचा वेळ मोजतात, मग थांबण्याचा वेळ कुणी मोजतं का? आईच्या दवाखान्यात माणसं सकाळपासून रांगेत उभी असतात. त्यांचा अख्खा दिवस जातो. तो कुणाच्याच हिशेबात का नाही?”

सर तिच्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, “मोजून बघ.”

तिनं मोजलं. दोन वर्षं सुटीच्या दिवशी आणि एरवी कॉलेज सुटल्यावर ती दवाखान्याच्या खिडकीशेजारी वही घेऊन बसायची. कोण किती वाजता आलं, कुणाचा नंबर केव्हा लागला, कोण कंटाळून औषधाशिवाय परत गेलं, सगळं लिहायची. अकरा वह्या भरल्या. त्या वह्या या टेबलावर माझ्या शेजारी पसरून दोघं तासन्‌तास बसायचे. ती गेली की सर काकूंना म्हणायचे, “माझ्या आयुष्यात अशी विद्यार्थिनी झाली नाही. मला स्वतःला हा प्रश्न तीस वर्षांत सुचला नाही, बघ.”

“मग तिला सांगा की!” काकू म्हणायच्या.

“तिला कशाला? हवा शिरेल डोक्यात.”

तिला हाच अभ्यास पुढं न्यायचा होता, आणि या विषयावर काम करणारी माणसं परदेशी विद्यापीठांतच होती. तिनं पाच ठिकाणी अर्ज केला. एक पत्र दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी दिलं. पण खरी मदार सरांच्या पत्रावर होती, कारण अर्थशास्त्रातलं तिचं डोकं त्यांनीच पाहिलं होतं. सरांनी आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून माझ्यासमोर बैठक मारली. पत्र इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ असा: ‘ही विद्यार्थिनी मेहनती आणि नियमित आहे. वागणूक चांगली आहे. तिनं दवाखान्यातील रांगांविषयी माहिती गोळा केली असून ते काम समाधानकारक आहे. योग्य मार्गदर्शन मिळाल्यास ती प्रगती करू शकेल.’

काकूंनी खांद्यावरून वाचलं. “अहो, एवढंच? पोरीचं जरा तोंड भरून करा ना कौतुक.”

“समाधानकारक हा शब्द मी आजवर कुणालाही लिहिलेला नाही,” सर म्हणाले. आणि मित्रांनो, तेही खरं होतं. हा शब्द त्यांनी तिच्यासाठी राखून ठेवला होता.

पाचही ठिकाणांहून नकार आला. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज केले, पुन्हा नकार. तिसऱ्या वर्षी ती पत्र मागायला आली तेव्हा आत न येता दारातच उभी राहिली. चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत म्हणाली, “सर, पत्र जरा... चांगलं द्याल ना?”

“म्हणजे? आधी वाईट देत होतो की काय?” सर ताडकन बोलले.

“नाही सर, तसं नाही,” असं म्हणून ती गेली. ती गेल्यावर सर अस्वस्थ झाले. माझ्यासमोर बसले आणि त्यांनी एक शब्द टाइप केला, जो त्यांनी माझ्यावर कधीच टाइप केला नव्हता. असामान्य. मला वाटलं, आता माझी सगळी बटणं आनंदानं आपोआप वाजू लागतील. सर त्या शब्दाकडं बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी कागद ओढून काढला, चुरगळला, नवा घातला आणि लिहिलं, ‘चांगली’.

मी काय करणार होतो? मी यंत्र. दाबाल ते उमटवायचं, एवढंच माझ्या हाती. पण निदान त्या वेळी माझी दांडी अडकली असती, एखादं बटण रुसलं असतं, तरी मला आज एवढी रुखरुख लागली नसती. कधी नव्हे ते त्या दिवशी मी अगदी सुरळीत चाललो.

तिसऱ्यांदाही नकार आला. शंकाबाईनं एका शाळेत गणित शिकवायची नोकरी धरली, लग्न केलं, आणि हळूहळू सरांकडं येणंही बंद केलं. पुढं सर निवृत्त झाले. घरात संगणक आला आणि मी कपाटावर गेलो. तिथं बारा वर्षं गेली.

एका रविवारी सकाळी सरांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. वर्गात याचं तोंड कधी बंद नसायचं, म्हणून हा बडबड्या. आता तो परदेशी विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. वाकून नमस्कार केला, काकूंच्या हातचा चहा घेतला आणि बडबड सुरू केली. यंदा तो नव्या विद्यार्थ्यांची निवड करणाऱ्या समितीत होता.

“चारशे अर्ज, सर, आणि जागा बारा! लांबच्या कॉलेजांची नावं आम्ही कधी ऐकलेली नसतात, तिथले गुण कसे देतात तेही कळत नाही. मग शिक्षकाच्या पत्रावरच सगळी भिस्त. त्या पत्रांची एक भाषाच आहे. ‘मेहनती’ लिहिलं असेल, तर समजायचं डोकं बेताचं. ‘वागणूक चांगली’ लिहिलं, तर लिहायला दुसरं काही सापडलं नाही.” आणि तो मोठ्यानं हसला.

सर हसले नाहीत. कपबशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, “आणि ‘काम समाधानकारक, योग्य मार्गदर्शन मिळाल्यास प्रगती करू शकेल’ असं लिहिलं तर?”

“बाप रे! असं पत्र तर माणूस शत्रूला देतो. तो अर्ज आम्ही दुसऱ्यांदा उघडतसुद्धा नाही.” मग सरांचा चेहरा बघून तो चाचरला. “तिथं कौतुकाची महागाई झालीय हो, सर. सगळेच वाढवून लिहितात. जुन्या भावानं लिहिणाऱ्याचा विद्यार्थी मागं राहतो. खरं सांगू? म्हणून तर मी तेव्हा उदाररावांचं पत्र घेतलं. तुमच्याकडं मागायची छातीच झाली नाही.”

तो गेल्यावर सरांनी कपाट उघडलं. प्रत्येक पत्राची कार्बन लावून काढलेली प्रत त्यांनी फाइलमध्ये जपून ठेवली होती. चौदा विद्यार्थ्यांची पत्रं होती. चौदांतला एकही परदेशी गेला नव्हता, आणि इतकी वर्षं सर म्हणत आले होते की त्या विद्यापीठांना पारख नाही. ते एकेक प्रत वाचत गेले. शंकाबाईची तीन पत्रं आली तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला.

मग खुर्चीवर चढून त्यांनी मला खाली काढलं. त्यांना त्या विद्यापीठांना कळवायचं होतं, ‘चूक माझी होती, तिची नाही.’ पण माझी शाईची रिबन वाळून कोरडीठाक झाली होती. ते बटणं आपटत राहिले आणि कागद कोराच राहिला.

“अगं, रिबन कुठं मिळेल आता?” त्यांनी हाक मारली.

काकू दारात आल्या. “त्यांना कळवून काय होणार आहे? जिला सांगायचंय तिला बोलवा.” आणि त्यांनीच फोन लावला.

शंकाबाई दुसऱ्या रविवारी आली. केसांत थोडं पांढरं दिसत होतं. पिशवीत तपासायचे पेपर होते. सरांनी तीन प्रती तिच्यासमोर ठेवल्या आणि बडबड्या काय म्हणाला ते सगळं, एक शब्द न लपवता सांगितलं. तिनं तिन्ही वाचल्या आणि म्हणाली, “मला वाटलं, माझं कामच कच्चं आहे. तीनदा नकार आला, म्हणजे ते बरोबरच असणार. मी त्या वह्या रद्दीत दिल्या, सर.”

“अकराही?”

“अकराही.”

सरांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, “तिसऱ्या वेळी मी ‘असामान्य’ लिहिलं होतं. मग कागद बदलला.”

“का?”

“वाटलं, जास्त होईल.”

“कुणाला जास्त होईल, सर?”

सत्तरी ओलांडलेला तो माणूस माझ्यावर कपाळ टेकून रडला. काकूंनी पुढं यायचं मनात आणलं, पण त्या तिथंच थांबल्या. शेवटी सरांनी मान वर केली आणि काकूंना शंभरदा सांगितलेलं तिला पहिल्यांदा सांगितलं. “तुझ्यासारखी विद्यार्थिनी मला दुसरी मिळाली नाही. तो प्रश्न मलासुद्धा सुचला नव्हता.”

तिनं पिशवी खांद्याला लावली आणि उठताना हळूच म्हणाली, “पत्राचं जाऊ द्या, सर. परदेशी गेले नसते तरी चाललं असतं. तुम्ही हे तेव्हा नुसतं मला सांगितलं असतं ना, तर वह्या रद्दीत गेल्या नसत्या.”

तिनं वाकून नमस्कार केला आणि ती गेली. शाळेचे पेपर सोमवारी द्यायचे होते.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं शेवटी म्हणतात, आमची धूळ पुसा, आम्हाला तेलपाणी करा. मला तसलं काही नको. नवी रिबनही नको. तुमच्या मनात कुणाबद्दल चांगला शब्द आला, तर तो कागदावर तोलत बसू नका, आणि पाकिटात घालून दुसऱ्याच कुणाला तर मुळीच पाठवू नका. ज्याचा तो शब्द आहे, त्याला तो आधी ऐकू द्या. सरांनी तो जपून ठेवला होता, आणि जपून ठेवूनच शंकाबाईचं नुकसान केलं. उमटवणारा मी होतो, म्हणून तुम्हाला सांगतो.