नक्की सोडायचे का?

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो, आणि माझ्या तोंडून विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाने एका मुलीची जागा गेली. बढाई मारावी असं माझ्याकडे काही नाही. काच तडकलेली, बॅटरी अशी की चार्जर काढला की डोळे मिटलेच. म्हणून विंझरच्या कुंडलिक आबांच्या घरात मी खिडकीपाशी वायरीला बांधलेला असतो, दावणीच्या बैलासारखा.

चांगले दिवसही पाहिले. आबांची लेक शेफाली बारावीचे धडे माझ्यावरच शिकली. माझी बटणं चुकीच्या जागी आहेत म्हणून मला शिव्या द्यायची आणि वहीत माझा चेहरा नव्याने काढायची. पुण्याच्या एका कॉलेजात यूएक्स डिझाइनच्या पदवीला तिचा नंबर लागला, तेव्हा आबा अख्ख्या आळीला सांगत सुटले, "मोबाईल वापरताना मानूस अडकू नये, त्ये शिकनार हाय माझी शेफाली!" माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

प्रवेश पक्का करायची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत होती. एका दाखल्यासाठी शेफाली सकाळीच वेल्ह्याला तहसील कचेरीत गेली. फॉर्म माझ्यावर भरून ठेवलेला. दाखला कॉलेजला नंतर दिला तरी चालणार होता, पण तो हाती आल्यावरच शेवटचं बटण दाबायचं तिने ठरवलं होतं. पण दाखला काही हातात पडेना. साडेचारला तिने रांगेतल्या एका बाईच्या फोनवरून मला कॉल केला.

"आबा, मी पाचच्या आत पोचत न्हाई. समदं भरलंय. तुमी फकस्त फॉर्म सोडा."

आमच्याकडे पाठवणं म्हणजे सोडणं. फोटो सोड, मेसेज सोड. आबांनी चष्मा चढवला. कॉलेजच्या पानावर खाली दोन बटणं होती, 'निश्चित करा' आणि 'सोडा'. दुसऱ्याचा अर्थ होता, जागेवर पाणी सोडा. अरे देवा! आबांचं बोट नेमकं तिकडेच गेलं.

मी विचारलं, 'नक्की सोडायचे का?' तेवढंच मला लिहून दिलं होतं.

"व्हय बाबा, सोडायचंच हाय," आबा हसून म्हणाले आणि त्यांनी 'होय' दाबलं.

शेफाली दाखला घेऊन आली तेव्हा आबांनी पेढा पुढे केला. तिने मला उघडलं. जागा यादीतल्या पुढच्या मुलाला गेली होती. कॉलेजला फोन झाले, विनवण्या झाल्या. "तुम्ही स्वतःच होय म्हणालात," एवढंच उत्तर आलं.

आबा भिंतीला टेकून बसले. "माझ्या बोटानं घात केला गं पोरी."

"न्हाई आबा, शब्द माझाच हुता," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली.

तीन महिने झाले. आबा मला हात लावत नाहीत. मी वाजलो की उठून अंगणात जातात.

मित्रांनो, मला नवी काच नको, बॅटरी नको. उद्या तुमच्यातलंच कुणी अशी बटणं बनवेल. त्यांना नाव देण्याआधी एकदा विंझरला या, आबांना ते मोठ्याने वाचायला सांगा, आणि त्यांना काय कळलं ते नीट ऐका. आबा आता वाचतील की नाही, ते मात्र मला सांगता येत नाही.