लाटसाहेब बेवारस नव्हते

सोफेवाल्याचं आणि शेजारच्या शिंपीणताईंच्या बोक्याचं नऊ वर्षांचं हाडवैर. कोचावर नवंकोरं कापड ताणून शेवटचा खिळा ठोकला रे ठोकला, की लाटसाहेब नख्यांना धार लावायला हजर. लाटसाहेब म्हणजे तो बोका. सोफेवाला हातोडी घेऊन मागे धावायचा आणि बोका निसटला की तीच हातोडी नाचवत ताईंच्या दारात जाऊन उभा राहायचा.

एका दुपारी कुणी गाडीवाला तर्र होऊन आला. वळणावर त्याने गाडी थेट फुटपाथवर चढवली, उन्हात पसरलेल्या लाटसाहेबांना चिरडलं आणि दिव्याच्या खांबावर जाऊन आदळला. ताई शिवणयंत्रावरून तशाच धावल्या. सोफेवाल्याने दुकानातलं मखमल आणलं, बोक्यावर घातलं आणि परत गेला.

त्या राज्यात नुकताच नवा कायदा आला होता. नशेत गाडी हाकून पाळीव जनावर मारलं तर कैद, भटकं असेल तर नुसता दंड. गाडीवाल्याच्या वकिलाने नेमकं हेच धरलं. गळ्यात पट्टा नाही, कुठे नोंद नाही, म्हणजे बोका भटका! साक्षीला त्याने कोण शोधून काढावं? सोफेवाला.

"खरं तेच सांगा," निघताना बायको म्हणाली, "आणि हातवारे कमी करा."

कोर्टात वकिलाने गोड आवाजात विचारलं, "या बोक्याने तुमचं नुकसान केलं?"

"तीन कोच, अकरा खुर्च्या!" सोफेवाल्याचे हात सुटलेच. "शिवाय दंतवैद्याची फिरती खुर्ची!"

"म्हणजे दिवसभर मोकाट. थोडक्यात, बेवारस."

"बेवारस?" सोफेवाला भडकला. "मग नऊ वर्षं मी भांडलो कुणाशी, भिंतीशी? प्रत्येक फाटकं कापड ताईंनी स्वतः रफू करून दिलंय! एकदा तर उंदराने कुरतडलं होतं, तरी मी त्यांच्याच दारात गेलो."

"उंदराने?" मागून ताई ओरडल्या.

न्यायाधीशांनी तोंडासमोर फाइल धरली. वकील खाली बसला. गाडीवाल्याला तीन महिन्यांची कैद झाली, परवानाही गेला.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात आल्या. आभार मानायचे होते, पण इतक्या वर्षांत दोघांना एकमेकांशी नीट बोलायची सवयच नव्हती. सोफेवाला खिळे निवडत बसला. ताईंनी खुर्च्या न्याहाळल्या. एकीवरही ओरखडा नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

"तुमच्या त्या ठोकाठोकीने डोकं उठतं माझं," त्या शेवटी म्हणाल्या. "दुपारी तरी बंद ठेवत जा."

"माझं दुकान, माझी हातोडी!" सोफेवाला ताडकन उठला. केवढं हायसं वाटलं त्याला.