वळणाआधीची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी शिट्टी आहे. खेळाच्या मास्तरांच्या गळ्यातली नव्हे हं! दोन डब्यांच्या सरकारी पॅसेंजर गाडीच्या डोक्यावरची, अस्सल पितळेची. मला घडवणाऱ्या कारागिराने मला कानाशी धरून पहिल्यांदा हवा सोडली आणि त्या दिवशी त्याला बायकोचं बोलणंही ऐकू आलं नाही. तो खूश होता.

आमची गाडी छोटी, मार्गही छोटा. सकाळी गावावरून शहराकडे, संध्याकाळी परत. तिकिटांतून खर्च निघत नसे, तो सरकार उचलायचं. त्यामुळे दरवर्षी आमचं भवितव्य टांगणीला लागायचं. 'यंदा गाडी बंद होणार' हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

नियमाप्रमाणे मी फाटकापाशी आणि गाडी सुटताना वाजायचे. गावच्या वळणाआधीची लांब शिट्टी मात्र कुठल्याच नियमात नव्हती. ती मावशींमुळे सुरू झाली. मावशी शहरातल्या इस्पितळात चादरी धुवायच्या. गुडघा दुखरा. एकदा गाडी चुकू नये म्हणून त्या धावल्या आणि प्लॅटफॉर्मवरच पडल्या. आमच्या ड्रायव्हरकाकांनी खाली उतरून त्यांना हात दिला.

"उद्यापासून मी वळणाआधीच वाजवतो," ते म्हणाले. "ऐकू आली की घरातून निघा. धावायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून मावशी अगदी ऐटीत चालत येऊ लागल्या. बघता बघता सगळं गावच माझ्यावर विसंबलं. मी वाजले की चहाचे कप खाली ठेवले जायचे, अर्ध्या वेण्या तशाच गुंडाळल्या जायच्या, शहरातल्या शाळेत शिकवणारे मास्तर दाराला कडी घालायचे. घड्याळाकडे कुणी ढुंकून बघत नसे. खोटं कशाला बोलू, मी जरा चढूनच गेले होते.

मग मोजणी ठरली. एक दिवस साहेब येणार, किती माणसं चढतात ते बघणार आणि त्यावरून गाडी ठेवायची की नाही ते ठरणार. गावाला आधी कळवायचं नाही, असा हुकूम होता. काकांनी आदल्या दिवशी मला घासून लख्ख केलं. सकाळी कडक इस्त्रीचे कपडे घालून आले. साहेब त्यांच्या शेजारीच उभे होते. वळण जवळ आलं, काकांचा हात माझ्या दांडीकडे गेला आणि मागे आला. आज नियमाबाहेरचं काही दिसायला नको, आपल्या गाडीला बोल लागायला नको, एवढंच बिचाऱ्यांच्या मनात होतं. मी गप्प राहिले.

प्लॅटफॉर्मवर चार माणसं होती. त्यातला एक पाहुण्यांना सोडायला आलेला. साहेबांनी तीन लिहिले. वेळ झाली, नियमाप्रमाणे सुटण्याची शिट्टी झाली आणि ती ऐकून गाव घराबाहेर पडलं. प्लॅटफॉर्मच्या टोकाशी पायवाटेवर मला मावशी दिसल्या. हातात डबा, चाल नेहमीसारखी निवांत. मग त्यांनी गाडी हललेली पाहिली आणि त्या धावायला लागल्या.

गेले आठ महिने आमची गाडी वळणाजवळच्या शेडमध्ये उभी आहे. काकांनी कार्यालयाला पत्र लिहिलं: चूक माझी आहे, गाव रिकामं नाही, पुन्हा मोजा. विषय विचाराधीन आहे, असं उत्तर आलं. मावशी आता रोज दुखऱ्या गुडघ्याने हमरस्त्यापर्यंत कोसभर चालतात. कामावर पोचायला उशीर होतो. असंच चाललं तर दुसरी बाई बघू, असं मुकादमाने त्यांना बजावलंय.

दर मंगळवारी काका येतात, गंज चढू नये म्हणून इंजिन थोडा वेळ सुरू ठेवतात. मला फडक्याने पुसतात. परवा मावशींना सुट्टी होती. त्या आल्या आणि डब्याच्या पायरीवर बसून राहिल्या.

"दादा, एकदा वाजवा ना," त्या म्हणाल्या.

काकांनी दांडीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"नको, मावशी. लोक डबे घेऊन निघतील."

मला वाजायचंय हो. रोज सकाळी ती वेळ झाली की जीव नुसता कासावीस होतो. मित्रांनो, तुमच्याकडे अशी गाडी असेल तर तिच्यातून जात-येत राहा, तिला जपा. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कुणी मोजणीवाले साहेब झालात, तर या म्हातारीचं एवढं ऐका. आधी मला वाजू द्या. मग पाच मिनिटं थांबा. आणि मग मोजा.