बांधापलीकडचा हौद

मित्रांनो, पाणी माणसाला कुठपर्यंत धुते, याचे मला फार कुतूहल आहे. मी राणीसावरगावच्या शिवारातला सिमेंटचा जुना हौद. जनावरांना पाणी पाजण्यात माझा जन्म गेला.

आश्रुबाने मला बांधले. त्याच्या बायकोने, सरजाबाईने, ओली पोती टाकून माझा गिलावा आठवडाभर भिजवला. बैल तोंड घालत, तेव्हा त्यांच्या उष्ण श्वासाने पाणी थरथरे. वाटसरू माझे कौतुक करीत. पुढे ट्रॅक्टर आला, बैल विकले गेले, माझ्यात बाभळीचा पाला कुजत राहिला.

यंदाच्या उन्हाळ्यात सरजाबाईने मला विटेच्या तुकड्याने घासले. ती नवराबायको दोन वर्षांपासून ख्रिस्ती प्रार्थनेला जात होती आणि रविवारी आश्रुबाचा बाप्तिस्मा माझ्यात व्हायचा होता. पाळक बन्सीधर माझ्या काठावर येऊन बसले.

"पश्चात्ताप झालाय न्हवं, आश्रुबा?"

"झालाय की. रोज रडायलोय."

"रडताव कशापायी, ते सांगा."

आश्रुबाने माझ्या काठावर हात ठेवला. "शेजारच्या भगवानरावाचा बांध दरसाल नांगरताना कोरला. त्याच जागंवर ह्यो हौद बांधला. बाप्तिस्म्यात हे बी धुऊन निघंल न्हवं?"

"क्षमा देव देतोच. पण जमीन तर तुमच्याकडंच ऱ्हाईल."

"मंग पाणी कशाला?"

"माणूस माघारी फिरला, त्याची ती खूण हाय. फिरलाच न्हाईत, तर नुसती आंघोळ."

जागा परत गेली, तर भगवानराव मला ठेवील का?

दुसऱ्या सकाळी आश्रुबाने टिकावाने माती खणून जुन्या खुणेवर बांध घातला आणि भगवानरावाला बोलावले.

"ही जागा तुमची. हौद बी तुमचाच. ठेवा, न्हाईतर फोडा."

"बारा वर्षं म्या तलाठ्याकडं चपला झिजवल्या! तवा तुझा देव कुठं गेलता रं?"

"तवा म्या त्याला इचारलंच न्हाई." आश्रुबाची मान खाली होती. "रविवारी तुमच्या हौदात उतरू का?"

भगवानराव पाठ फिरवून निघून गेला.

रविवारी माणसे जमली. मी कोरडा होतो. परक्याच्या हौदात विचारल्याशिवाय पाणी सोडायला आश्रुबा धजला नाही. पाळक घड्याळ पाहू लागले. सरजाबाईने पदर तोंडाशी धरला.

तेवढ्यात पलीकडे विहिरीवरची मोटार सुरू झाली. भगवानराव काळा पाइप ओढत आला आणि त्याने तो माझ्यात सोडला.

"आटपा लवकर. माझ्या म्हशी तहानल्यात."

आश्रुबा पाण्याखाली गेला आणि वर आला. त्याच्या अंगावरून निथळणारे पाणी मी निरखून पाहिले. ते स्वच्छच होते. जे धुवायचे, ते तो त्या सकाळच्या उन्हात टिकावाने आधीच मोकळे करून आला होता. मग पाण्याने काय केले? मित्रांनो, ते मला अजून उमगलेले नाही. एवढेच दिसले, की पाण्यातून वर येताच त्याने प्रथम भगवानरावाकडे पाहिले, आणि त्याला नजर चुकवावी लागली नाही.

तुमच्या शिवारात एखादा जुना हौद असेल, तर त्यातला पाला काढत जा. आणि त्याच्या पाण्यात उतरण्याआधी, तो कोणाच्या जागेवर उभा आहे, तेवढे पाहून घ्या.