मी 'नापास'च म्हणणार

क्यूआर कोड, आणि म्हणे जुना! हसताय ना? हसा, मित्रांनो. पुठ्ठ्याच्या जिवाला पाच वर्षं म्हणजे चांगलं म्हातारपण, आणि मी ते ताठ मानेनं काढतोय. आमचं घराणं मूळचं जपानचं. मोटारींच्या सुट्या भागांची ओळख पटवायला ते १९९४ साली जन्माला आलं. मी मात्र पक्का देवासचा. २००४ साली, पंपांची बिडाची कवचं ओतणाऱ्या एका कारखान्यात मी छापला गेलो.

मला घडवलं प्रेमलाबाईंनी. त्या तपासणी विभागात लेबलं बनवत. कवचं पाण्याच्या दाबाखाली तपासली, की निकाल त्यांच्याकडे यायचा. मग त्या कॉम्प्युटरवर भागाचं नाव, ओतल्याची तारीख आणि 'पास' की 'नापास' ते लिहीत, आणि त्या अक्षरांचे काळे-पांढरे ठिपके होत. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन म्हणजे आमचे डोळे. त्यांच्यावरून वाचणाऱ्या यंत्राला आमची सुलटी बाजू कळते. भोवतीची कोरी जागाही लागतेच. शिवाय आत थोडी जादा माहिती पेरलेली असते. एखादा तुकडा मळला, फाटला, तरी उरलेल्यावरून सगळं वाचता येतं.

कारखान्याचे मॅनेजर अरविंदसाहेब म्हणाले होते, "एवढं मोठं कशाला? लहान छापा."

"साहेब, इथे तेल आहे, काजळी आहे. याला सोसायला जागा हवी," प्रेमलाबाई म्हणाल्या, आणि मोठंच छापलं. मी त्यांचाच ना! मलाही कुणापुढे वाकणं जमत नाही.

माझ्या पेटीतल्या कवचांना बारीक तडे निघाले होते, म्हणून माझ्या अंगात शब्द पडला 'नापास'. मला तारेनं पेटीला अडकवलं. ती कवचं पुन्हा भट्टीत जायची होती. मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं काम होतं, ते मी करत होतो.

मग खंडेनवमी आली. स्टोअर सांभाळणारे दत्ताजीकाका धारचे, जुन्या दरबारी वळणाचे. यंत्रं, पाने, तराजू, सगळ्यांची पूजा करून ते आमच्याकडे वळले. आदल्या वर्षी त्यांनी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यातल्या चौकोनाला भक्तिभावानं कुंकू लावलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी एकही कार्ड वाचलं जाईना. यंत्राच्या लाल उजेडात लाल रंग पांढरा दिसतो हो, डोळाच गायब! सगळा माल दारात अडला होता. यंदा प्रेमलाबाई पहाऱ्यालाच उभ्या.

"काका, कोपऱ्याला नको. मधोमध लावा, बोटभर."

"बरं बाई. देवाला मधलंही पोचतं," काका म्हणाले, आणि सगळ्या कार्डांना मधोमध लाल बोट उमटलं.

पुढच्याच आठवड्यात माझ्या तोंडावर एक कागद आला. शेजारच्या 'पास' पेटीच्या कार्डाची झेरॉक्स! माल पाठवणाऱ्या विपुलनं ती कडांना गोंद लावून मला डकवली. आमच्या घराण्यातली एक खोट सांगतो. आमची झेरॉक्सही अस्सलासारखीच बोलते, यंत्राला फरक कळत नाही. मी आतून ओरडत राहिलो, पण कागदाखालच्याचं कोण ऐकतो?

कवचं पिथमपूरच्या पंपवाल्यांकडे गेली, तिथे गळली, आणि पेटीसकट परत आली. अरविंदसाहेब असे तापले! त्यांनी सगळ्यांसमोर कार्डाला यंत्र लावलं. टीं. पडद्यावर 'पास'.

"प्रेमलाबाई, लेबल तुमच्या टेबलावरचं. उद्यापासून येऊ नका."

प्रेमलाबाईंचा चेहरा उतरला, पण पाय हलला नाही. "मी 'नापास' छापलं होतं, साहेब. माझी चूक दाखवा, मग जाईन. खोटारडी म्हणवून घेऊन जाणार नाही."

मला इतका संताप आला होता, काय सांगू!

परत आलेला माल दत्ताजीकाका मोजून घेत होते. ते वाकले आणि माझ्याकडे बघतच राहिले. "अहो साहेब, माझं कुंकू काळं कसं झालं?"

"तेल असेल, काका."

"बरोब्बर मधोमध, बोटाएवढं तेल? खंडेनवमीला मी काळं लावीन होय?"

झेरॉक्समध्ये लाल काळंच येतं, मित्रांनो! प्रेमलाबाईंनी धावत येऊन कडेला नख घातलं. कागद निघाला, आणि जाताना माझी एक कड सोलून गेला. आई गं! पण खाली माझं कुंकू लालभडक होतं. त्यांनी यंत्र धरलं. माझ्यात जेवढं उरलं होतं तेवढ्यानं मी बोललो. टीं. 'नापास'.

विपुलची मान खाली गेली. "गाडी खडी होती, साहेब. पिथमपूरवाले फोनवर फोन करत होते. सोचलं, एक पेटी निघून जाईल. ताईंवर येईल असं नव्हतं वाटलं."

"झालं ते झालं," साहेब पुटपुटले. "प्रेमलाबाई, कामाला लागा. आणि ते कार्ड फेकून द्या."

"कार्ड राहील," प्रेमलाबाई म्हणाल्या. "आणि मघाचं तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. परत घ्यायचं तेही सगळ्यांसमोर घ्या."

साहेबांनी घेतलं. चांगलं मोठ्यानं घ्यावं लागलं.

तेव्हापासून मी त्यांच्या टेबलावरच्या खिळ्याला आहे. आता म्हणे मोबाइलवालेही आम्हाला वाचू लागलेत. वाचा की! पण आधी कडेवरून बोट फिरवा, वर दुसरं काही डकवलंय का बघा. कुणी छापलं, कुणी लावलं, ते विचारा. आमच्या डोळ्यांना जपा, आणि यंत्र बोललं म्हणून आपले डोळे मिटू नका.

परवाच्या खंडेनवमीला नवे साहेब म्हणाले, "सणाच्या दिवशी हा फाटका नापास कशाला? हटवा तो गत्ता."

दत्ताजीकाकांनी माझ्या मधोमध कुंकू लावलं. प्रेमलाबाईंनी यंत्र माझ्यापुढे धरलं.

टीं. 'नापास'!